सात सेंटांची भाऊबंदकी

१९९१ साली इलेक्ट्रॉनिक वाद्यं बनवणाऱ्या अमेरिकी आणि जपानी कंपन्यांनी मिळून १२८ आवाजांची एक यादी ठरवली. कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, अमुक क्रमांक दाबला की अमुकच वाद्य वाजलं पाहिजे, एवढाच त्यामागचा हेतू. ‘जनरल मिडी’ म्हणून ओळखली जाणारी ही यादी आजही स्वस्तातल्या स्वस्त कीबोर्डच्या पोटात असते आणि ती सवडीने वाचण्यासारखी आहे. पहिल्या क्रमांकावर पियानो, १०५ वर सतार, ११२ वर सनई. पुढे १२३ वर समुद्रकिनारा, १२४ वर पक्षी, १२६ वर हेलिकॉप्टर आणि शेवटी १२८ वर बंदुकीचा बार. तंबोरा मात्र कुठेच नाही. म्हणजे गाणाऱ्याला गोळी घालायची सोय झाली, सूर द्यायची राहून गेली. याच यादीत ८९ ते ९६ हे आठ आवाज ‘पॅड’ या जातीचे आहेत, ९७ वा चक्क ‘पाऊस’ आहे आणि १०० व्या क्रमांकाला ‘वातावरण’ असं नाव दिलेलं आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरांच्या वर पाऊस अंगावर घेणाऱ्या रत्नागिरीत हा ९७ नंबर वाजवून बघावा. स्वच्छ, सुरेल, काचेच्या लोलकांसारखा किणकिणणारा पाऊस. त्यात पत्रा वाजत नाही, पन्हळ भरून वाहत नाही, गटार तुंबत नाही आणि मुख्य म्हणजे लाईट जात नाही. असल्या पावसात रत्नागिरीकर छत्रीसुद्धा उघडणार नाही. हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट वाटते खरी, पण इलेक्ट्रॉनिक संगीतात ‘वातावरण’ म्हणून जे काही विकलं जातं त्यातला मूळ दोष या एका आवाजात सापडतो. दोष असा की त्यात दोषच नाही.

पॅड म्हणजे काय, हे कीबोर्ड न वाजवणाऱ्यालाही ठाऊक असतं, फक्त त्याचं नाव ठाऊक नसतं. गाण्याच्या मागे काहीतरी पसरलेलं असतं. ते कधी सुरू झालं कळत नाही, कधी संपलं तेही कळत नाही, आणि काढून टाकलं की गाणारा उघड्यावर पडल्यासारखा वाटतो. ते पॅड. सिंथेसायझरवर तो बनवायची कृती थोडक्यात अशी: एक ऑसिलेटर, म्हणजे स्वर निर्माण करणारं मंडल, घ्यायचा, त्यातून करवतीच्या दात्यांच्या आकाराची लहर काढायची, तिचा वरचा करकरीत भाग फिल्टरने कापायचा, स्वर दाबल्यावर आवाज हळूहळू वर येईल आणि सोडल्यावर हळूहळू विरेल अशी व्यवस्था करायची, आणि वर भरपूर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, ओतायचा. एवढं कुणालाही जमतं. त्यामुळे जिल्ह्यात गणपतीच्या दिवसांत जाखडी नाचाला मृदंग आणि झांजेबरोबर आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड दिसतो, शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात शाहिराचा दम संपला की कीबोर्डवाला एक लांबलचक स्वरसमूह दाबून ठेवतो, आणि लॅपटॉपवर संगीत करणारी पोरं ‘मान्सून’, ‘टेंपल’, ‘मिस्टिक ईस्ट’ अशा नावांचे तयार आवाज परदेशातून विकत घेऊन कानाला लावतात. ज्यांच्या कौलावर पाऊस पडतोय त्यांनी बर्लिनचा मान्सून विकत घ्यावा, हा व्यापार कोकणाला नवा नाही. आंबा इथला आणि भाव वाशीचा, ही सवय जुनीच आहे. तक्रार त्याची नाही. तक्रार ही की या विकतच्या आणि घरगुती, दोन्ही पॅडांत वातावरण येत नाही, आणि ते का येत नाही हे शोधताना सगळे चुकीच्या बटणापाशी जातात. आणखी रिव्हर्ब घालतात. म्हणजे खोली मोठी करतात. खोलीत माणसं नाहीत याकडे लक्ष जात नाही.

वातावरण येतं ते न जुळण्यातून, असं या लेखाचं म्हणणं आहे. एकच स्वर वाजवणारे दोन आवाज असावेत आणि त्यांचं एकमेकांशी पूर्ण पटू नये. ही कल्पना समजायला रत्नागिरी जिल्ह्यात कुणालाही ध्वनिशास्त्राचं पुस्तक उघडावं लागणार नाही, कारण इथे तिला भाऊबंदकी म्हणतात. दोन भाऊ, एक आडनाव, एक घर, एक सामायिक विहीर, आणि गडग्याची जागा वीतभर इकडे की वीतभर तिकडे यावर मतभेद. आता याचं गणित पाहा. एका ऑसिलेटरचा स्वर सेकंदाला २२० कंपनांचा आहे. दुसरा त्याच्याच शेजारी, पण सात सेंट वर चढवलेला. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले की एका भागाला सेंट म्हणतात, म्हणजे सात सेंट हा गडगा खरोखरच वीतभर सरकला. दुसऱ्याची कंपनं झाली साधारण २२०.८९. दोघं एकत्र वाजले की त्यांच्यातला फरक, पाऊण कंपनाहून थोडा जास्त, आवाजाच्या चढउताराच्या रूपाने ऐकू येतो: सव्वा सेकंदाच्या आतबाहेर एकदा दोघांचं जमतं, एकदा फाटतं. एवढ्यावर थांबत नाही. करवती लहरीत मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही असतात, आणि त्यांच्यातला फरकही त्याच प्रमाणात दुप्पट, तिप्पट होतो. थोरल्यांचा वाद संथ लयीत चालतो, पोरांचा त्याच्या दुप्पट वेगाने, नातवंडांचा तिप्पट. घर उभं आहे तिथेच आहे, स्वर आहे तोच आहे, पण आत सतत काहीतरी चालू आहे. बाहेरून जाणाऱ्याला नुसती एक जिवंत गुणगुण ऐकू येते. तिला आपण वातावरण म्हणतो.

हे तत्त्व यंत्रं बनवणाऱ्यांना फार उशिरा आणि फार वळसा घेऊन कळलं. १९७४ साली हॉलंडमधल्या एमिनेंट कंपनीने बनवलेलं ‘सोलिना स्ट्रिंग एन्सेंबल’ हे वाद्य बाजारात आलं, आणि त्या दशकातल्या असंख्य रेकॉर्डींवर जो व्हायोलिनांचा धुरकट पडदा ऐकू येतो तो त्याचा. त्याच्या पोटातली योजना मोठी शिस्तीची होती. वरच्या सप्तकाचे बारा स्वर एकदा तयार करायचे आणि बाकीची सगळी सप्तकं त्यांनाच भागून काढायची. म्हणजे खालचा षड्ज हा वरच्या षड्जाचा नेमका अर्धा, त्याच्या खालचा नेमका पाव. कुणी कुणाला उलटून बोलायची सोयच नाही. कर्त्याच्या धाकातलं एकत्र कुटुंब. परिणाम असा की आवाज पातळ, निर्जीव, दारावरच्या घंटीसारखा. मग त्याच यंत्रात त्यांनी कोरस नावाचं मंडल बसवलं, जे त्याच आवाजाच्या नकला करून त्यांना किंचित मागेपुढे, किंचित वरखाली डोलवतं. म्हणजे आधी घर एकत्र ठेवायला खर्च केला आणि नंतर त्यात भांडण लावायला. सोलिना गाजलं ते या दुसऱ्या खर्चामुळे. पुढे १९८२ साली रोलँड कंपनीने ‘जुनो-६०’ आणला, तेव्हा हाच विनोद पुन्हा झाला. त्याआधीचे सिंथेसायझर तापले की सुरातून घसरत; वादकांची ओरड होती. म्हणून जुनोत ऑसिलेटरला डिजिटल घड्याळाची शिस्त लावली, आणि प्रत्येक स्वराला एकच ऑसिलेटर दिला. एकुलता एक मुलगा. वाटणीचा प्रश्नच नाही. सूर पक्का झाला आणि आवाज मेला. तेव्हा त्यावरही कोरसची बटणं बसवली गेली. आज चाळीस वर्षांनी लोक जुनोच्या नावाने उसासे टाकतात ते त्या बटणांसाठी. आणि आजची सॉफ्टवेअरं तर याच्या पुढे गेली आहेत: सूर गणिताने बिनचूक ठेवता येतो म्हणून आधी तो बिनचूक ठेवतात, आणि मग ‘ड्रिफ्ट’ नावाची एक वेगळी खुंटी देतात, जी पिळली की तो हळूहळू बिघडतो. जगात इतर कुठल्याही मालात बिघाड ही जादा सोय म्हणून विकलेली आढळत नाही.

आता रत्नागिरीचा यात संबंध काय? तर हा शोध इथल्या रंगमंचाच्या पुढच्या बाजूला, प्रेक्षकांकडे पाठ करून बसलेल्या माणसाच्या हाताखाली कधीचाच होता. संगीत नाटकातला ऑर्गन, म्हणजे पायपेटी. पायांनी भाता मारायचा, हातांनी सूर धरून ठेवायचे, आणि गाणारा ताना घेऊन परत येईपर्यंत ते सोडायचे नाहीत. पॅडची जी व्याख्या वर केली ती याला शब्दन् शब्द लागू पडते. परदेशातून आलेल्या अशा बऱ्याच ऑर्गनांना पट्ट्यांच्या वर ओढायच्या खुंट्या असत, आणि त्यातली एक ‘व्हॉक्स सेलेस्ट’ नावाची असे. ती ओढली की एकाच स्वराला सुरांचे दोन संच बोलू लागत, आणि त्यातला एक संच कारखान्यातच मुद्दाम किंचित चढा लावलेला असे. सात सेंटांची भाऊबंदकी एकोणिसाव्या शतकात, पितळेत. शेजारच्या ‘व्हॉक्स ह्युमाना’ खुंटीने वाऱ्याच्या जोरावर फिरणारा एक पंखा सुरू होई आणि आवाज थरथरे. आज सिंथेसायझरवर हेच काम एलएफओ, म्हणजे संथ गतीने डोलणारा ऑसिलेटर, करतो, फक्त त्याला भाता मारावा लागत नाही. हार्मोनियमवर आणि ऑर्गनवर साथीचं शास्त्र करून दाखवणारे पंडित गोविंदराव पटवर्धन याच जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्याचे. आणि जिथे जगभर पायपेट्या संग्रहालयात गेल्या, तिथे राजापूर तालुक्यातल्या आडिवऱ्यात त्या आजच्या काळात नव्याने घडवल्या गेल्या आहेत. ‘खल्वायन’सारखी संस्था रत्नागिरीत संगीत नाटक अजून करते, सावरकर नाट्यगृहात राज्य संगीत नाट्य स्पर्धेचे पडदे वर जातात, आणि पडद्याच्या अलीकडे कुणीतरी दोन्ही हातांनी पॅड वाजवत बसलेलं असतं. त्याला कुणी साउंड डिझायनर म्हणत नाही. ‘ऑर्गनवाले’ म्हणतात आणि चहा शेवटी देतात.

इथे तंबोऱ्याचा अभिमान बाळगणारे हात वर करतील. त्यांचा आक्षेप वजनदार आहे. ते म्हणतील, न जुळण्याचं कौतुक तुम्ही कुणापुढे करता? आमच्याकडे जोडीच्या दोन तारा मिळाल्याशिवाय गवई तोंड उघडत नाही. मिळवण्यातच अर्धा तास जातो. आणि जोड फाटकी असलेला तंबोरा हे वातावरण नव्हे, अपमान आहे. हे मान्य करायलाच हवं. पण तंबोऱ्याने न जुळणं घराबाहेर काढलेलं नाही, फक्त ते तारांतून उचलून घोडीवर नेऊन ठेवलं आहे. तंबोऱ्याची घोडी सपाट आणि किंचित उतरती असते, तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात, आणि तार कंप पावताना त्या उतारावर घासत राहते. त्यामुळे एकाच तारेतून उपस्वर एकामागून एक उमलत वर येतात; एकदा छेडलेला स्वर विझेपर्यंत रंग बदलत राहतो. सी. व्ही. रामन यांना या घोडीने इतकं चक्रावलं की १९२१ च्या निबंधात त्यांनी दाखवून दिलं: तार ज्या बिंदूवर छेडली असता अमुक उपस्वर शास्त्राप्रमाणे वाजताच कामा नये, तिथे छेडली तरी तंबोऱ्यात तो वाजतो. युरोपातल्या तारांच्या नियमाला मिरजेच्या भोपळ्याने दाद दिली नाही. तेव्हा तंबोऱ्यातही आत खळबळ आहेच, फक्त भावांच्या ऐवजी ती एकाच माणसाच्या मनात आहे. आणि जुळवणं म्हणजे तरी काय? दोन तारांतले ठोके कानाने ऐकायचे आणि खुंटी पिळत ते संथ, आणखी संथ करत न्यायचे. भांडण मिटवायचं, पण माणसं दोनच ठेवायची. दोन्ही तारांऐवजी एकच तार बसवून काम भागलं असतं तर तंबोरे घडवणाऱ्या मिरजेच्या कारागिरांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळण्याइतकं कसब लावायची वेळच आली नसती.

दुसरा आक्षेप अचूकतावाद्यांचा, आणि त्याला या भागात शंभर वर्षांचा इतिहास आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१० च्या सुमारास बावीस श्रुती मोजून काढायचं मनावर घेतलं. त्यांना येऊन मिळाले अर्नेस्ट क्लेमेंट्स, आयसीएस, पेशाने न्यायाधीश. हा योगायोग फार बोलका आहे. एकाने हयातभर जमिनीच्या हद्दी आखल्या, दुसऱ्याने हद्दींचे दावे निकालात काढले, आणि दोघांनी मिळून षड्ज ते षड्ज एवढ्या क्षेत्राची फेरमोजणी हाती घेतली. त्यातून श्रुती-हार्मोनियम तयार झाली, प्रत्येक श्रुतीला स्वतंत्र सूर असलेली. मोजणी चोख होती. वाद मात्र मिटला नाही, उलट वाढला. श्रुती नेमक्या कुठे, यावर विद्वानांचे लेख-प्रतिलेख सुरू झाले, आणि गवई साधी पेटी घेऊन गात राहिले. पुढे १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमलाच सुमारे तीस वर्षं दारात उभं केलं नाही, कारण तिचे स्वर ताठ, तिला मींड नाही. दोन्ही निर्णयांमागचा समज एकच: चूक सुरात आहे, सूर दुरुस्त करा किंवा हाकलून द्या. पण एकाच ठिकाणी ठाम उभा असलेला सूर, तो कितीही अचूक असो, मागे पसरू शकत नाही. सातबारा कितीही स्वच्छ असला तरी त्यावर कुणी राहत नाही. राहायचं असतं ते वादग्रस्त घरात.

तिसरा आक्षेप निसर्गवाल्यांचा, आणि तो सध्या फॅशनमध्ये आहे. एवढी यातायात कशाला? भाट्याच्या सुरूबनात माइक लावा, मांडवीला लाटा पकडा, सड्यावर पहिल्या पावसानंतरचे बेडूक पकडा, आणि तेच मागे वाजवा. याहून अस्सल वातावरण कुठलं? अस्सल आहे, पण ते वातावरण नाही, तो पंचनामा आहे. ध्वनिमुद्रित पाऊस अमुक दिवशी अमुक पत्र्यावर पडला एवढंच सिद्ध करतो, आणि तिसऱ्यांदा ऐकल्यावर तोच तो थेंब त्याच जागी पडताना कान पकडतो. रिव्हर्बचंही तेच. उक्षी आणि भोके या स्थानकांमधला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरांचा, कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब. आजच्या तंत्राने एखाद्या जागेत मोठा स्फोटक आवाज करून त्याचा घुमारा टिपला की ती जागा कुठल्याही आवाजाला जोडता येते, म्हणजे कुणी करबुड्यात फुगा फोडला तर जन्मभर पुरेल एवढा पॅड मिळेल. परवानगीचा अर्ज रेल्वेकडे करून पाहायला हरकत नाही, उत्तराचीही घुमाऱ्याएवढीच वाट पाहावी लागेल. पण सुरूबनाकडून घ्यायची खरी गोष्ट त्याचा आवाज नव्हे, त्याची चाल आहे. सुरूच्या सुयांतून वारा जातो तेव्हा जे ऐकू येतं ते तांत्रिक भाषेत गाळलेला गोंगाट असतं, आणि फिल्टर हळूहळू उघडत-मिटत असतो. मात्र तो कधीच ठरल्या वेळाने उघडत नाही. सिंथेसायझरवर हेच करायला लोक एक एलएफओ लावतात, दर चार सेकंदांनी एक फेरा, आणि दोन मिनिटांत ऐकणाऱ्याला झोपाळ्यावर बसून उलटी येईलसं होतं. त्यापेक्षा दोन लावावेत: एक सात सेकंदांचा, एक अकरा सेकंदांचा. दोघं पुन्हा एकाच वेळी दारात यायला सत्याहत्तर सेकंद लागतात, आणि तोवर गाणं पुढे गेलेलं असतं. संगीतकार ब्रायन ईनोने १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’मध्ये हीच युक्ती टेपच्या फितींवर केली होती. एक गायलेला स्वर साडेतेवीस सेकंदांनी परत येणारा, दुसरा जवळजवळ सव्वीस, तिसरा जवळजवळ तीस. एकमेकांची तोंडं टाळून ये-जा करणारे. एकाच अंगणातून जायचं आणि गाठ पडू द्यायची नाही, ही कला लंडनच्या माणसाला फिती कापून साधावी लागली.

भाऊबंदकी चांगली म्हणून ती वाढवत न्यावी, असं मात्र नाही. आणि इथे या सिद्धांताचे उत्साही अनुयायीच त्याचं सर्वांत जास्त नुकसान करतात. सात सेंटांवर गुणगुण असते, पंधरावर कुजबुज, तीसला आवाज चढतो, आणि पन्नास सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचंही अर्धं अंतर झालं की ते पॅड राहत नाही, दिवाणी दावा होतो. नव्वदच्या दशकात रोलँडच्या ‘जेपी-८०००’ ने एका स्वरामागे सात करवती लहरी एकदम सोडायची सोय केली. नाचाच्या संगीतात ती अफाट चालली, कारण तिथे सगळी भावकी एकदम ओरडणं हाच समारंभ असतो. पण गायकामागे ती लावली की गायकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खर्जात भाऊबंदकी अजिबात नको. ५५ कंपनांच्या स्वरात सात सेंटांचा फरक म्हणजे सेकंदाला जेमतेम पाव ठोका. म्हणजे दर साडेचार सेकंदांनी खर्ज बसतो, पुन्हा येतो, पुन्हा बसतो. ज्याच्यावर घर उभं आहे तोच अधूनमधून मुंबईला जाऊन बसल्यासारखं. खर्ज एकटा, सरळ, नि:शंक हवा. मतभेद वरच्या मजल्यावर. आणि रागाच्या अंगाने काही बांधायचं असेल तर पॅडमधून गंधार काढून घ्यावा. परदेशी तयार आवाजात तीन स्वरांचा गठ्ठा बांधूनच येतो, आणि त्यातला मधला स्वर गायकाने तोंड उघडण्यापूर्वीच गंधार शुद्ध की कोमल हे जाहीर करून टाकतो. भूपाच्या मागे कोमल गंधाराचा गठ्ठा दाबून धरलेला ऐकणं हा अनुभव सध्या दुर्मीळ राहिलेला नाही. षड्ज-पंचम ठेवावेत, बाकी गाणाऱ्यावर सोडावं. तंबोऱ्यानेही शतकानुशतकं तेवढंच केलं आणि त्याला कुणी कमी शिकलेला म्हटलं नाही.

उरला तो नेहमीचा टोमणा: चार बोटं ठेवून बसायचं, याला काय वाजवणं म्हणायचं? यात तथ्य आहे. पॅड हा आळशाचा आश्रय होतो, हे रात्री अकरानंतरच्या कुठल्याही ऑर्केस्ट्रात दिसतं. एका हाताने स्वर दाबलेला असतो आणि दुसऱ्या हाताने मोबाइल. पण हाच टोमणा पेटीने खाल्ला, ऑर्गनने खाल्ला, तंबोऱ्याची साथ करणाऱ्या शिष्यांनी तर पिढ्यान् पिढ्या खाल्ला. शिवाय सिंथेसायझरवर श्रम वाजवण्यात नसून वाजवण्याच्या आधी आहेत. वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड केली, तेव्हा त्यांच्यापुढे रोलँडचीच तीन यंत्रं होती, आणि रागाच्या स्वरांनी ती चालवण्याआधी त्यांना ती आतून समजून घ्यावी लागली. रेकॉर्ड तेव्हा कुणी विचारली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. रत्नागिरीतल्या पोराने पॅड बनवायला आज यातलं एकही यंत्र विकत घ्यायला नको. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन ऑसिलेटर असतात आणि भांडण लावायला दोन पुरतात.

फक्त एक व्यावहारिक अडचण आहे, आणि ती बर्लिनवाल्यांच्या ध्यानात कधी येणार नाही. त्यांचे पॅड कानाला हेडफोन लावून ऐकण्यासाठी बनवलेले असतात. एक भाऊ डाव्या कानात, दुसरा उजव्या कानात, मध्ये प्रशस्त अंगण. कित्येकदा तर रुंदी दाखवण्यासाठी एकाच आवाजाची लहर एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला उलटी करून टाकलेली असते. हेडफोनवर ते आभाळाएवढं वाटतं. पण जिल्ह्यात संगीताचा शेवट हेडफोनवर होत नाही, मंडपाच्या बांबूला बांधलेल्या भोंग्यावर होतो, आणि भोंग्याला डावं-उजवं नसतं. तिथे दोन्ही बाजूंची बेरीज होते. सरळ लहर आणि तिचीच उलटी लहर यांची बेरीज शून्य. म्हणजे घरी सगळ्यात भव्य वाटलेला पॅड मंडपात सगळ्यात आधी नाहीसा होतो, आणि शाहीर वळून कीबोर्डवाल्याकडे बघतो. दोघे भांडत बसले आणि जमीन तिसऱ्याच्या नावावर चढली, त्यातला प्रकार. ऑसिलेटरांतच सात सेंट ठेवून लावलेली भाऊबंदकी मात्र भोंग्यातूनही शाबूत येते, कारण ते दोघे मुळातच वेगळे आहेत, आरशातले नाहीत. तेव्हा गणपतीआधी आठ दिवस, भोंगे बांधले जाण्यापूर्वी, पॅड एकदा मोबाइलच्या एका स्पीकरवर वाजवून पाहावा, आणि शेजारच्या चुलत्यांनी तो बंद करायला सांगितला तर बंद करून सात सेंटांचे पाच करावेत.